दादूसचं पाणी

दादूसनी आम्हाला घर दिलं ते आईच्या हातची आमटी चाखून. ॲग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे सगळं नंतर.

वर्तकनगरची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथं टॉवर व्हायचा होता आणि तोवर आई आणि मी अशा दोघींना भाड्याची जागा हवी होती. एजंटाने कळव्यात एक जागा दाखवली. तीन मजली बिल्डिंग, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग, कारण मालकाला एकाच रंगाचा कंटाळा येतो. जागा पसंत पडली. एजंट चाचरत म्हणाला, "मॅडम, एक छोटासा प्रॉब्लेम आहे. ओनरला आधी तुमच्या घरी जेवायला यायचंय." मला वाटलं हा काहीतरी फेकतोय. पण खरोखरच रविवारी दुपारी साठीचा, आडव्या बांध्याचा, सावळा गृहस्थ आमच्या दारात उभा. आगरी लोक थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळे त्यांना दादूस म्हणत. एकच जिना चढून आलेला, पण दाराची चौकट धरून धापा टाकत होता. पानावर बसल्यावर त्यांनी आमटीत बोट बुडवलं, चाटलं आणि डोळे मिटून घेतले.

"ताई, तुमच्या हाताला मीठ कलतं. चावी कवा पायजे?"

माझी आई पोस्टातून रिटायर झालेली, शुद्ध बोलणारी, सहसा कुणाच्या कौतुकाला न भुलणारी बाई. पण त्या दिवशी तिने त्यांना आग्रह करकरून अजून दोन वाट्या आमटी वाढली.

राहायला गेल्यावर वैनींकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, खरं काय ते कळलं. दादूसच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ठाण्याला डायलिसिस. मीठ जवळजवळ बंद. पाणी दिवसाला एक बाटली, आणि त्यातच चहा, वरण, ताक सगळं धरायचं. भाडेकरूच्या घरी जेवून बघायची रीत त्यांनी हे पथ्य लागल्यावर काढली होती. म्हणजे आमची परीक्षा वगैरे काही नव्हती, माणूस चोरून मीठ खायला आला होता. मला हसूही आलं आणि रागही आला. मी ठाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, आणि किडनी गेलेल्या माणसाला मिठाने काय होतं हे मला तरी कुणी सांगायला नको होतं.

मिठाचंच दुःख त्यांना फार होतं. त्यांचे वाडवडील मिठागरात राबलेले. पुढे घरच्या जमिनीला भाव आला, मिठागर गेलं, खाजणाच्या काठाला ही बिल्डिंग उभी राहिली आणि दादूस मालक झाले. पण लहानपणी उन्हात मिठाचे ढीग ओढलेले हात त्यांना आठवत होते. "आमच्या बापानं ज्याच्यावर घर चालवला, त्याला हा डाक्टर जहर बोलतं," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. डॉक्टरपेक्षा मिठाचा अपमान त्यांना जास्त लागला होता.

तर आमच्याकडे ते यायचे नळ बघायला.

"ताई, नल गलतंय का बगाला आलो."

नळ गळत नसायचा. दादूस ओट्याशी उभे राहून तो उघडायचे, बंद करायचे, मान डोलवायचे आणि मग शेगडीवरच्या पातेल्याकडे बघायचे. आई म्हणायची, "दादा, चहा टाकू का?" ते म्हणायचे, "थोरा. अर्धा कप." मी घरी असले की आईला डोळे दाखवायची. आई मला उलट डोळे दाखवायची. दारी आलेल्या माणसाला, त्यात घरमालकाला, अर्धा कप चहा नाही म्हणायचा हे तिच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं. दादूस चहा बशीत ओतून असा सावकाश प्यायचे की बघणाऱ्याला तहान लागावी. मग बरणीतली लोणच्याची फोड. मग "वरच्या मजल्यावर पन जरा बगतो" म्हणून बाहेर. वरच्या मजल्यावरचाही नळ गळत नव्हता.

ते एका जागी बसत नसत. उभं राहिलं की एका पायावरून दुसऱ्यावर, बसले की गुडघे हलताहेत, टीव्ही बघताना उठून फेऱ्या. वैनी म्हणायच्या, ह्यांच्या पायात मुंग्यांचं वारूळ हाय. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसायचं म्हणजे त्यांना तुरुंग वाटे. तिथल्या नर्सशी भांडण, शेजारच्या पेशंटला गोष्टी, पाय झाडणं. आमच्या दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, अगदी बिनधास्त, बोलता बोलता. बर्फाचा खडा दिसला की कुडुमकुडुम चावून खायचे. बोलताना वाक्य मध्येच तोडायचे आणि समोरच्याला वाटायचं, काय उद्धट माणूस आहे, पुरतं बोलतही नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी तर म्हणायची, "दादूस एकदम वियर्ड आहे यार."

मला कॉलेजात चॅप्टर शिकवताना कधीतरी एकदम लक्षात आलं की ह्यातलं बरंचसं पुस्तकात आहे. रक्तात साठलेल्या घाणीने अंगाला खाज सुटते. पाय स्वस्थ राहत नाहीत, विशेषतः बसल्यावर. किडनी रक्त बनवायचा निरोप हाडांना धाडते, तो निरोप बंद झाला की रक्त उतरतं, दम लागतो, आणि काहींना बर्फ खावासा वाटतो. त्यात दादूसची छाती आधीच बिड्यांनी खराब केलेली. शरीरातलं आम्ल बाहेर टाकायचं काम किडनी आणि फुफ्फुस दोघं मिळून करतात. किडनीने हात टेकले की फुफ्फुसाला भराभर श्वास सोडून ते काम ओढावं लागतं. दादूसची फुफ्फुसं स्वतःचंच काम कशीबशी करत होती, त्यांच्या अंगावर दुसऱ्याची पाळी पडलेली. म्हणून उभ्याउभ्या धाप, म्हणून तुटकी वाक्यं. पण भाडेकरूच्या घरी जेवून मगच किल्ली देणं आणि मजल्यामजल्याला रंग बदलणं हे कुठल्याही चॅप्टरमध्ये नव्हतं. त्यांचा आजार कुठं संपतो आणि दादूस कुठं सुरू होतात, हे मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

एकदा मी पेपर तपासत होते आणि पुस्तक उघडं पडलं होतं. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"मास्तरनी, ही कनची भाजी?"

"किडनी आहे ती, दादूस. तुमच्याकडे दोन आहेत अशा."

"माझी अशी साफसूफ नसंल." ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. नळ्या, गाळण्या, आत येणारं रक्त, बाहेर जाणारी लघवी, मी सगळं सांगितलं. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "हा तं मिठागर हाय! ही बग, ही उघाडी."

उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची दारं. भरतीला ती उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि नको तेव्हा सोडून द्यायचं. दादूस हातवारे करत, येरझारा घालत मला मिठागर समजावू लागले आणि खरं सांगते, मी आजवर वर्गात किडनी इतकी चांगली शिकवलेली नाही. पण शेवटी त्यांनी जो निष्कर्ष काढला तो ऐकून मी कपाळावर हात मारला.

"कोंड्यान, म्हंजे मिठाच्या वाफ्यान, मीठ जास्ती बसला तं काय करतान? पानी सोरतान. मीठ विरघलून जातं. मंग माझ्या अंगान मीठ जास्ती झाला, तं डाक्टर पानी बंद कसा करतं? उलटा पानी पायजे!"

"अहो दादूस, बाहेरची उघाडी फुगून बसली आहे तुमची. आत सोडलेलं पाणी जाणार कुठं?"

"पानी वाट काढतं," ते म्हणाले आणि खुशीत वरच्या मजल्यावर गेले.

मी वैनींना सांगितलं. वैनी तोंडाने फटकळ, उंच, हिरव्या बांगड्यांनी भरलेल्या हातांची बाई. त्यांच्या घरात दादूसची पाण्याची बाटली त्यांच्या ताब्यात असे आणि पाण्याचा माठ त्यांनी चक्क कुलुपाच्या कपाटात ठेवला होता. त्या तडक प्रत्येक घरी गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा आईचा हात धरला. "ताई, पाया परते. मी घरान थेंबथेंब मोजतंय आन हा मानूस गावभर पीत फिरतंय. याला काय देव नका." आई म्हणाली, अजिबात नाही देणार. सगळ्यांनीच तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादूस नळ बघायला आले, धाप लागलेली, ओठ कोरडे पडलेले, आणि आईने त्यांना अर्ध्याच्या अर्धा कप दिला. "एवढ्याने काय होतंय," ती मला म्हणाली. मला वाटतं हेच वाक्य तेव्हा प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी म्हणत असणार.

मग गणपती आले.

त्या बिल्डिंगीत बऱ्याच घरी दीड दिवसाचा गणपती असे आणि मालक म्हणून दादूस प्रत्येक घरी दर्शनाला जायचे. हा मान बिल्डिंग उभी राहिल्यापासूनचा. वैनींनी आदल्या रात्री त्यांना बजावलं होतं. त्यावर दादूसचं उत्तर तयार होतं, "देवाच्या घरान नाय बोलाचा नसतं." नवा झब्बा घालून, कपाळाला गंध लावून ते निघाले. पाय सुजून चपलेत मावत नव्हते तेव्हा अनवाणीच. प्रत्येक घरी पळीभर तीर्थ, मोदक, आणि थोडं सरबत किंवा चहा. देवापुढे वाढवलेल्या नारळाचं पाणी तर प्रसाद म्हणून पेल्यात काढून ठेवलेलं. नारळाच्या पाण्यात पोटॅशियम किती असतं आणि किडनी बिघडलेली असताना ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके कसे अडखळतात, हे मी वर्गात सांगते. पण मी त्या दिवशी मामाकडे पुण्याला गेलेली आणि बिल्डिंगीत बाकी कुणाला ते माहीत नव्हतं. कुणीही त्यांना जास्त दिलं नाही. सगळ्यांनी थोडंथोडंच दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आले तेव्हा दादूस जिन्याच्या पायरीवर बसले होते. पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. घशातून खळखळ आवाज येत होता. पाणी खरंच वाट काढत वर आलं होतं, पायांतून पोटात, पोटातून फुफ्फुसांत. जिथं हवा जायची तिथं पाणी भरलं की माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण बघितलं त्या दिवशी. कुणीतरी म्हणालं, त्यांना आडवं करा. दादूसनी नुसता हात हलवला, नको नको म्हणून. आडवं झालं की पाणी सगळ्या छातीभर पसरतं, हे त्यांच्या शरीराला आपोआप कळलेलं होतं.

रिक्षात मधे दादूस, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वैनी. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता, कारण दीड दिवसाच्या विसर्जनाचा दिवस आणि सगळे रस्ते तुंबलेले. ठाण्याला जाणाऱ्या खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे एका मंडळाची मिरवणूक आडवी आली. ढोल, ताशा, गुलाल. रिक्षावाला हताश होऊन म्हणाला, "मॅडम, इथून गाडी हलणार नाय." दादूसची मान माझ्या खांद्यावर आली होती आणि त्यांचं अंग थंडगार, घामाने भिजलेलं. मला फार भीती वाटली. मी स्वतःशी ठरवून टाकलं की हा माणूस आता माझ्या शेजारी बसल्या बसल्या जाणार.

वैनी रिक्षातून उतरल्या. पदर कमरेला खोचला आणि सरळ ढोलवाल्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला त्या आवाजात ऐकू आलं नाही. एक ढोल थांबला, मग दुसरा, मग सगळे. पोरांनी गणपतीची गाडी बाजूला घेतली. वैनी परत रिक्षात बसल्या नाहीत. पूल सुरू होईपर्यंत त्या रिक्षाच्या पुढे पुढे चालत राहिल्या, दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत, आणि आम्ही त्यांच्या मागून.

दादूस वाचले. तातडीने डायलिसिस केलं, रक्तातलं पाणी ओढून काढलं, दोन दिवस मास्क लावून ठेवलं. डॉक्टर मला त्यांची मुलगी समजून माझ्यावर ओरडले. "घरात कुणी लक्ष देत नाही का? किती लोक यांना पाजताय?" खरं उत्तर अख्खी बिल्डिंग असं होतं.

त्या रविवारी गच्चीवर सगळे भाडेकरू जमले. प्रत्येकजण सांगत होता, आम्ही फक्त एवढंसं दिलं. माझी आई सगळ्यात शेवटी बोलली. "आपण कुणीच त्यांना पाणी पाजलं नाही, आणि तरी ते बुडाले," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला त्याआधी बाबा गेले तेव्हाच रडताना पाहिलं होतं.

मग दारं बंद झाली. दादूस घरी आले आणि चार दिवसांनी नळ बघायला निघाले तर कुठल्याच घरी चहा नाही, सरबत नाही, फोड नाही. ते जिन्यात उभे राहून गरजले, "माझ्या बिल्डिंगीन मलाच पानी नाय? सगल्यांना खाली करतो! उद्याच्या उद्या!" आणि खोकला आल्यावर खाली बसले. कुणी बाहेर आलं नाही. तो आवाज ऐकून घरात बसणं किती अवघड होतं, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले.

शेवटी आईनेच दार उघडलं. "दादा, आत या. मिळणार काहीच नाही. पण बसा." आणि तिने त्यांच्या पुढ्यात लसणाची परडी ठेवली, सोलायला.

तेव्हापासून ते रोज यायला लागले. हात कामात असले की तोंडाला तहान कमी लागते असा आईचा सिद्धांत, आणि त्याला विज्ञानात काही आधार असो नसो, तो लागू पडला. अडचण एवढीच की दादूस बसून लसूण सोलत नसत, चालत चालत सोलत. सोफ्यावर, माझ्या पुस्तकांत, देवघरात, सगळीकडे सालं. आई भाजीत मीठ घालायच्या आधी त्यांच्यासाठी एक वाटी बाजूला काढायची, वरून लिंबू पिळायची. ते खाताना असे चेहरे करायचे की मला पेपर तपासता येत नसत. "ताई, ही भाजी मेलेली हाय," ते म्हणायचे आणि वाटी पुसून खायचे.

वैनी जिन्यात भेटल्या की माझा हात दाबायच्या. "पोरी, तुझी आये देवमानूस हाय." त्यांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता, ओठ भेगाळलेले. मी म्हटलं, वैनी, तुम्ही स्वतःकडे बघा जरा. त्या हसल्या आणि निघून गेल्या.

टॉवर तयार झाला, आम्ही वर्तकनगरला परतलो. सामान हलवायच्या दिवशी दादूसनी शेवटचा एकदा आमचा नळ उघडून बंद केला. "आता गलाला लागंल," म्हणाले. त्यानंतर जेमतेम वर्षभर ते होते. एका सकाळी डायलिसिसला निघताना चपला घालायला खाली वाकले आणि तसेच कलंडले. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही गेलो तेव्हा पाय पांढऱ्या चादरीखाली सरळ होते, अजिबात हलत नव्हते, आणि मला तेवढंच बघवलं नाही.

काही महिन्यांनी वैनी आमच्या नव्या घरी आल्या. भर मे महिन्याची दुपार, रिक्षातून उतरून घामाघूम झालेल्या. आईने तांब्याभर गार पाणी आणि ग्लास पुढे ठेवला. वैनींनी ग्लास भरून घेतला, उठल्या, आणि आम्ही बघत असताना आत निघाल्या. बाथरूमचं दार लोटल्याचा आवाज आला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हाक मारली, "अहो, तिकडे कुठे? इथं बसून प्या की."

दार उघडून वैनी तिथंच उभ्या राहिल्या, हातात ग्लास, काहीशा लाजल्यासारख्या. "सवय ओ ताई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं ह्यांच्या समोर मी पानी पियाले नाय. मी पियाचा आन त्यांनी बगाचा, मंग घशाखाली कसा जाल? मोरीन जाऊन पियाची. नल सोरून, आवाज नको म्हनून."

आई उठली, त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन आली आणि आपल्या समोर बसवलं. वैनी ग्लासाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि आमच्या दोघींच्या देखत घटाघटा रिकामा केला, आणि पदराने डोळे पुसत दुसरा मागितला.